पाण्याचा ताळेबंद : घरगुती समुद्री मत्स्यालयाची उभारणी आणि निगा

दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा एखाद्या उपाहारगृहाच्या दर्शनी भागात समुद्री माशांची टाकी दिसली की पाहणाऱ्याची पावले क्षणभर थबकतात. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने कित्येक पिढ्यांना समुद्राच्या पोटातील हे जग प्रथम दाखविले. २००३ साली ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश लहान मुलांच्याही ओळखीचा झाला. असा एक छोटासा समुद्र आपल्या दिवाणखान्यात असावा, अशी इच्छा अनेक कुटुंबांत त्यातूनच निर्माण होते. ज्यांनी गोड्या पाण्यातील गप्पी किंवा गोल्डफिश सांभाळले आहेत, त्यांना हे पुढचे पाऊल सोपेही वाटते.

वस्तुतः समुद्री मत्स्यालय हा निराळाच व्यवहार आहे. नदी, तळे, ओढा येथील पाणी ऋतूप्रमाणे बदलते व तेथील जीवांना बदलाची सवय असते. प्रवाळ-क्षेत्रातील समुद्राची क्षारता, तापमान व रासायनिक रचना मात्र वर्षभर फारशी ढळत नाही. तेथील जीव या स्थैर्यावर पोसलेले असतात. त्यामुळे समुद्री टाकीत सांभाळावयाची मुख्य वस्तू म्हणजे पाणी; ते सांभाळले गेले तर मासे बहुधा आपोआप सांभाळले जातात. या पाण्यात रोज काय जमा होते आणि काय खर्ची पडते याचा हिशोब ठेवण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच या छंदाकडे वळावे.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ दिसतो वनस्पतीसारखा, हाताला लागतो दगडासारखा. पण तो आहे प्राणी. अनेक सूक्ष्म जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट शोषून चुनखडीचा सांगाडा रचतात. या जीवांच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याच्या मोबदल्यात निवारा व पोषकद्रव्ये पुरवितो. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा केवळ १ अंश सेल्सिअसने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी ही भागीदारी मोडू शकते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हा आघात सोसला आहे.

भारतात मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही प्रमुख प्रवाळ-क्षेत्रे आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला मालवणचा किनारा आला असून तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. याखेरीज विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर ‘आंग्रिया बँक’ नावाचे एक मोठे बुडीत प्रवाळ-पठार आहे. नावातील ‘बँक’ म्हणजे समुद्रातील उथळा, आणि ‘आंग्रिया’ म्हणजे मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे. या पठाराचा सर्वांत उथळ भागही पाण्याखाली सुमारे २० मीटर खोल आहे.

खरेदीपूर्वी कायदा

टाकी विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने एक गोष्ट समजून घ्यावयास हवी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सांगाडा बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्री पंखे यांचा समावेश करण्यात आला. समुद्री घोड्यालाही त्याच वर्षी संरक्षण मिळाले. २०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. परंतु प्रवाळांचे संरक्षण कायम राहिले. वाघाला ज्या अनुसूचीचे कवच आहे, त्याच अनुसूचीत प्रवाळही आहे. असे जीव समुद्रातून काढणे, विकणे, विकत घेणे किंवा बाळगणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान ३ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

हा नियम मृत प्रवाळालाही लागू पडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. किनाऱ्यावरील दुकानातून शोभेसाठी आणलेली पांढरी फांदी किंवा टाकीत ठेवण्याकरिता ‘जिवंत दगड’ म्हणून विकला जाणारा समुद्रातील खडक हा बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. ‘सगळेच ठेवतात’ असे विक्रेत्याने म्हटले तरी त्यामुळे खरेदीदाराची जबाबदारी टळत नाही. अन्य समुद्री जीवांच्या बाबतीतही पक्के बिल आणि आयात केलेला जीव असल्यास आयातीची कागदपत्रे पाहिल्याखेरीज व्यवहार करू नये. शंका आल्यास वनविभागाच्या कार्यालयात विचारणा करावी.

मग भारतीय घरात काय ठेवता येईल? मानवनिर्मित सच्छिद्र खडकांची रचना, त्यावर हळूहळू पसरणारे जांभळट-गुलाबी चुनखडी शैवाल, टाकीतच वाढविलेले हिरवे सागरी शैवाल, गोगलगायी, काही जातींची कोळंबी आणि बंदिस्त अवस्थेत जन्मलेले मासे एवढा परिवार एका सुंदर टाकीस पुरेसा आहे. ज्या देशांत प्रवाळांच्या रोपवाटिकेत वाढविलेले तुकडे विकण्यास कायद्याने परवानगी आहे, तेथे स्थायिक झालेल्या वाचकांना प्रवाळही ठेवता येतील. मात्र पाण्याचे पुढील सर्व नियम दोघांनाही सारखेच लागू आहेत.

दगडाच्या पोटातील कामगार

माशाच्या श्वसनातून व विष्ठेतून, तसेच न खाल्लेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो. टाकीत तो साचतो. सुदैवाने निसर्गाने त्याची व्यवस्था लावली आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, तर दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक आहे. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात मासे सहन करू शकतात. सच्छिद्र खडकाच्या आतल्या भागात, जेथे प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही, तेथे तिसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटचे विघटन करून त्याचा नायट्रोजन वायू बनवितात. तो बुडबुड्यांच्या रूपाने हवेत निघून जातो.

या नैसर्गिक व्यवस्थेवर टाकी चालविता येते, हे जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन नियतकालिकात मांडले. गुंतागुंतीच्या गाळण्यांऐवजी त्यांनी समुद्रातील जीवाणूयुक्त खडक, प्रकाश आणि हवेचे बुडबुडे यांवर भर दिला होता. आजच्या प्रवाळ-मत्स्यालयांचा पाया हाच आहे. फरक एवढाच, की आता समुद्रातील खडक ओरबाडण्याची आवश्यकता राहिलेली नाही. कोरड्या मानवनिर्मित खडकावरही तेच जीवाणू वस्ती करतात. त्यांना वेळ मात्र द्यावा लागतो.

जागा, वजन आणि वीज

नवशिक्याने लहान टाकीपासून आरंभ करावा, असा समज आहे. समुद्री टाकीत तो उलटा पडतो. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान व क्षारता लवकर बदलते. म्हणून सुमारे २०० लिटर ही सोयीची सुरुवात होय. ९० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच टाकीची एकूण क्षमता २२५ लिटर असते. खडक व वाळू ठेवल्यावर पाणी साधारणतः २०० लिटर मावते.

या पाण्याचेच वजन २०० किलोग्रॅमहून अधिक भरते. काच, खडक, वाळू, खालचे कपाट आणि त्यातील गाळणीची दुसरी टाकी जमेस धरता एकूण भार ३५० किलोग्रॅमच्या आसपास जातो, आणि तो अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर पडतो. निवासी खोल्यांच्या तक्तपोशीसाठी भारतीय मानकात गृहीत धरलेला भार प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलोग्रॅम आहे. तो संपूर्ण खोलीचा हिशोब असल्याने खोलीच्या कडेला, तुळईलगत किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगत अशी टाकी सामान्यतः ठेवता येते. तथापि जुन्या इमारतीत आधी अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि सज्जात टाकी कदापि ठेवू नये. थेट ऊन येणारी खिडकीही टाळावी. त्याने पाणी तापते व नको असलेले शैवाल माजते.

आवश्यक उपकरणे पुढीलप्रमाणे : पाणी खेळते ठेवणारे पंप, दिवे, प्रोटीन स्किमर, तापमापक, क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि पाणी-तपासणीचे संच. स्किमर हे अत्यंत उपयुक्त यंत्र आहे. ते पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडते, सेंद्रिय द्रव्ये त्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाच्या रूपाने वरच्या पेल्यात जमा होतात. वादळी दिवसांत समुद्रकिनाऱ्यावर साचणारा मळकट फेस याच प्रक्रियेतून तयार होतो. अमोनियात रूपांतर होण्यापूर्वीच मळ बाहेर काढला गेल्याने पुढील सर्व कामे हलकी होतात.

नागपूर, इंदूर, हैदराबाद यांसारख्या शहरांत उन्हाळ्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरवाचून गत्यंतर नसते. १०० वॉटचा दिवा ९ तास, एकूण ५० वॉटचे पंप व १५ वॉटचा स्किमर अहोरात्र आणि २५० वॉटचा चिलर ८ तास चालला, तर दिवसाला सुमारे साडेचार युनिट वीज लागते. म्हणजे महिन्याला सुमारे १३० युनिट. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जात असल्याने हे युनिट सर्वांत महाग टप्प्यात मोजले जाण्याची शक्यता असते. टाकीची किंमत एकदाच द्यावी लागते. वीज, मीठ आणि तपासणी-संच यांचा खर्च मात्र दरमहा येतो. अंदाजपत्रक करताना या आवर्ती खर्चाचाच विचार प्रथम करावा.

पाणी आणि मीठ

किनारी शहरातील रहिवाशांना समुद्रातून पाणी आणण्याचा मोह होतो. शहरालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल व गाळ मिसळलेला असल्याने ते वापरू नये. स्वयंपाकघरातील मीठही चालत नाही, कारण ते जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड असते, तर समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असे अनेक घटक ठराविक प्रमाणात असतात. मत्स्यालयाकरिता तयार मिळणारे मिश्र सागरी मीठच वापरावे. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणाने २०० लिटरसाठी ७ किलोग्रॅम मीठ लागते.

मीठ ज्यात मिसळावयाचे ते पाणी आर. ओ. यंत्रातून व शक्यतो त्यापुढील आयन काढणाऱ्या गाळणीतून आलेले असावे. कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार आणि नायट्रेट टाकीत साचत जातात. पिण्याच्या पाण्याच्या काही घरगुती यंत्रांत तांबे मिसळण्याची सोय असते; तसे पाणी येथे सर्वस्वी वर्ज्य आहे. माणसाला हितकारक मानले जाणारे तांबे कोळंबी व गोगलगायींना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. त्याच कारणाने तांब्या-पितळेच्या भांड्यातून पाणी भरू नये. अन्नासाठी वापरता येणाऱ्या प्लास्टिकच्या स्वच्छ बादल्या या कामासाठी वेगळ्या ठेवाव्यात.

सहा आठवड्यांची प्रतीक्षा

खडक रचले, खारे पाणी भरले, पंप सुरू झाले की टाकी तयार दिसते. पण ती तयार नसते. जीवाणूंची वस्ती वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा सोडू नये. जीवाणूंना खाद्य म्हणून अमोनियाचे द्रावण मोजून घालावे किंवा सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा ठेवावा. तपासणीत प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढते आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. घातलेला अमोनिया २४ तासांत नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्य राहिले, म्हणजे पहिला टप्पा पार पडला असे समजावे. त्यानंतर बरेचसे पाणी बदलून साचलेले नायट्रेट कमी करावे.

मध्यंतरी वाळूवर तपकिरी थर येतो, पाठोपाठ हिरवे शैवाल वाढते. अनेक हौशी मंडळी या अवस्थेत घाबरून औषधे ओततात किंवा सर्व काही धुऊन पुन्हा आरंभ करतात. वास्तविक नव्या टाकीचा हा स्वाभाविक क्रम आहे. गोगलगायी, नियमित पाणी-बदल आणि संयम हाच त्यावरील उपाय होय.

रहिवाशांची निवड

पहिला मान बंदिस्त अवस्थेत जन्मलेल्या क्लाऊनफिशच्या जोडीस द्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या अनेक जातींचे प्रजनन साधले आहे. नवी मुंबईत ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांचे बीजोत्पादन केंद्र उभारण्यात आले. अशा केंद्रांतील मासा टाकीतच वाढलेला असल्याने तयार अन्न सहज खातो आणि त्याच्यामुळे समुद्रातील एकही मासा कमी होत नाही. या माशाचे वैशिष्ट्य असे, की सर्व पिल्ले नर म्हणून वाढतात. समूहातील सर्वांत प्रबळ मासा पुढे मादी बनतो. दोन लहान मासे एकत्र ठेवले की कालांतराने त्यांची जोडी आपोआप जमते. समुद्रफूल, म्हणजेच सी ॲनिमोन, नसले तरी टाकीत त्यांचे अडत नाही.

याउलट काही मासे केवळ रूपावर भाळून घेतले जातात आणि अल्पावधीत दगावतात. मँडरिन मासा मुख्यतः जिवंत सूक्ष्म जीवांवर जगतो व नव्या टाकीत उपाशी मरतो. मूरिश आयडॉल बंदिवासात क्वचितच तग धरतो. निळा सर्जनफिश बालवयात बोटाएवढा दिसला तरी पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. २०० लिटरची टाकी त्याला कोठडीसारखी होते. समुद्रातून मासे पकडण्यासाठी काही देशांत १९६० च्या दशकापासून सायनाइडचा वापर होत आला आहे. त्याने मासा गुंगतो, भोवतालचे प्रवाळ मरतात आणि तो मासाही पुढे फार काळ जगेलच असे नसते. ‘हा मासा कोठून आला?’ हा प्रश्न म्हणूनच किमतीच्या आधी विचारावा.

नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता किमान ४ आठवडे वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवावा. अंगावर पांढरे ठिपके उठविणारा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की त्याला घालविणे कठीण होते. कारण त्यावरील तांबेयुक्त औषध मुख्य टाकीतील कोळंबीला मारते. २०० लिटरच्या टाकीत ४-५ लहान माशांहून अधिक ठेवू नयेत, आणि तेही काही आठवड्यांच्या अंतराने एकेक करून.

जमा-खर्चाचे गणित

पाण्याच्या तपासणीत पुढील मूल्ये राखण्याचा प्रयत्न करावा.

तापमान : २५ ते २६ अंश सेल्सिअस
क्षारता : एका लिटरला ३५ ग्रॅम (विशिष्ट घनता सुमारे १.०२६)
सामू : ८.० ते ८.४
अमोनिया व नायट्राइट : शून्य
नायट्रेट : एका लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा कमी
अल्कता : ८ ते ९ जर्मन अंश
कॅल्शियम : एका लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम
मॅग्नेशियम : एका लिटरला १२५० ते १३५० मिलिग्रॅम

आकड्यांच्या अचूकतेपेक्षा त्यांचे स्थैर्य अधिक महत्त्वाचे आहे. अल्कता ७.५ असेल आणि महिनोन्‌महिने तेवढीच राहिली, तर ती सोमवारी ७ व गुरुवारी १० अशी उड्या मारणाऱ्या अल्कतेपेक्षा कितीतरी हितावह असते. म्हणून एकही चूक घाईने दुरुस्त करू नये. रसायन घालावयाचे असेल तर ते अनेक दिवसांत विभागून घालावे.

पाणी-बदलाचे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, टाकीत दर आठवड्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्रेट जमा होते आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले जाते. आरंभी शिल्लक कमी असल्याने १० टक्के म्हणजे नगण्य रक्कम बाहेर जाते आणि नायट्रेट वाढतच राहते. शिल्लक २० मिलिग्रॅमवर पोहोचली, की १० टक्के म्हणजे नेमके २ मिलिग्रॅम बाहेर पडते. जमा व खर्च समान होऊन आकडा तेथे स्थिरावतो. तो १० मिलिग्रॅमवर आणावयाचा असेल तर दोन मार्ग आहेत : दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलावे, अथवा नायट्रेटची आवक निम्म्यावर आणावी. ही आवक मुख्यतः माशांच्या अन्नातून होते. दुसऱ्या मार्गाला मीठ लागत नाही, श्रमही लागत नाहीत. केवळ चिमूट आखडती घ्यावी लागते. मासे २-३ मिनिटांत संपवितील एवढेच अन्न द्यावे.

बाष्पीभवनाच्या बाबतीत नवशिक्यांकडून हमखास घोटाळा होतो. २०० लिटरच्या टाकीतून रोज २ ते ४ लिटर पाणी उडते; मीठ मात्र उडत नाही. ही तूट नेहमी मीठविरहित शुद्ध पाण्याने भरावी. रोज ३ लिटर तूट खाऱ्या पाण्याने भरली, तर दररोज १०५ ग्रॅम मीठ वाढते आणि केवळ दहा दिवसांत क्षारता ३५ वरून ४० वर जाते. पाणी पातळीवर असल्याने टाकी बाहेरून ठीक दिसते, म्हणूनच हा घोटाळा लवकर लक्षात येत नाही.

कॅल्शियम व अल्कता या दोन घटकांचा खर्च जोडीने होतो. चुनखडीचा सांगाडा बांधताना २० मिलिग्रॅम कॅल्शियममागे अल्कता सुमारे २.८ जर्मन अंशांनी उतरते. प्रवाळ नसलेल्या टाकीत चुनखडी शैवाल व गोगलगायींपुरताच हा खर्च असतो आणि तो बहुधा पाणी-बदलातून भरून निघतो. प्रवाळ वाढत असतील तर मात्र दोन्ही घटक रोज मोजून पुरवावे लागतात.

नित्यक्रम

दररोज : तापमान पाहणे, सर्व मासे दिसतात व खातात याची खात्री करणे, उडालेले पाणी भरणे.
दर आठवड्यास : काच पुसणे, स्किमरचा पेला धुणे, क्षारता, नायट्रेट व अल्कता तपासणे, १० टक्के पाणी बदलणे. नवे खारे पाणी एक दिवस आधी मिसळून त्याचे तापमान व क्षारता टाकीइतकी करून घ्यावी.
दरमहा : कॅल्शियम व मॅग्नेशियम तपासणे, पंप सोडवून त्यांवरील चुन्याचा थर सौम्य व्हिनेगरने काढणे, आर. ओ. गाळण्या पाहणे.

प्रत्येक तपासणीची तारखेसह वहीत नोंद करावी. एकटा आकडा फारसे सांगत नाही. आकड्यांची ओळ मात्र येऊ घातलेल्या संकटाची सूचना आठवडाभर आधी देते.

सुरक्षितता आणि अडीअडचण

विजेच्या सर्व तारा सॉकेटपर्यंत नेताना खाली झोल देऊन मग वर न्याव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता झोलावरून खाली पडते. टाकीच्या जोडणीस गळतीप्रतिबंधक स्विच अवश्य असावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. डासांचे फवारे, अगरबत्तीचा धूर व वासाचे फवारे टाकीच्या खोलीत टाळावेत. डासनाशकांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना व कोळंबीला अत्यंत विषारी असतात. ज्या देशांत झोअँथिड नावाचे मऊ, फुलांसारखे जीव पाळले जातात, तेथे ते चिकटलेले खडक कधीही उकळू नयेत व हातमोजांविना घासू नयेत. त्यांच्या काही जातींतील पॅलिटॉक्सिन हे विष वाफेवाटे माणसालाही गंभीर इजा करते.

वीज गेल्यास दिव्याची चिंता करू नये. दिव्याविना टाकी एक-दोन दिवस सहज निभावते. पाणी हलते राहणे हे सर्वांत निकडीचे, कारण पाण्याचा पृष्ठभाग हलला तरच प्राणवायू आत शिरतो. इन्व्हर्टरवर प्रथम पंप जोडावा, किंवा बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात तयार ठेवावा. वीज नसताना माशांना अन्न देऊ नये.

नोकरदार कुटुंबाने आणखी एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा. बँकेतील अधिकाऱ्याची काही वर्षांनी बदली होते. चांगल्या निगेत क्लाऊनफिश २० वर्षांहून अधिक जगू शकतो. ३५० किलोग्रॅमची ही मालमत्ता ट्रकवर सामानासोबत चढविता येत नाही. ती रिकामी करून, खडक ओले ठेवून, मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून नेऊन नव्या गावी पुन्हा उभी करावी लागते. हे शक्य नसेल तर जबाबदारीने सांभाळणारा दुसरा छंदप्रेमी शोधावा लागतो. समुद्रात किंवा खाडीत मासे सोडून देणे हा मार्ग नव्हे; परक्या जाती व त्यांच्यासोबतचे रोग तेथे पसरतात. मुदतपूर्व मोडता न येणारी ही ठेव आहे, असे समजूनच तिच्यात हात घालावा.

ज्यांना एवढी बांधिलकी आज शक्य नाही, त्यांनी मत्स्यालयांस भेट द्यावी अथवा मालवणसारख्या ठिकाणी मान्यताप्राप्त मार्गदर्शकासोबत पाण्याखालचे जग पाहावे. तेथून येताना मात्र काहीही उचलून आणू नये. ज्यांची तयारी आहे, त्यांनी पहिला महिना वाचन, अंदाजपत्रक आणि जागेची पाहणी यांसाठी द्यावा, त्यानंतर टाकी मांडावी आणि सर्वांत शेवटी मासा आणावा. हा क्रम पाळणाऱ्याच्या घरी वर्षभराने खडकांवर जांभळट थर चढलेला असतो, दिवा लागताच क्लाऊनफिशची जोडी काचेशी येते, आणि शेजारच्या वहीतील आकड्यांची ओळ सरळ चाललेली दिसते.